टमी टकनंतर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी छत्रपती संभाजीनगरात फिजिओथेरपीचं काम करते. ऑपरेशन झालेल्या माणसाला उठवणं, चालवणं, परत त्याच्या पायावर उभं करणं हे माझं रोजचं काम. पोटाची लोंबणारी कातडी आणि चरबी काढून घ्यायला, म्हणजे टमी टक करायला, जालना, बीड, परभणी, हिंगोली, धाराशिवहून बायका येतात. आता पुरुषही येतात. दोन-तीन दिवसांत सुट्टी होते, माणूस गावी पोहोचतं आणि मग फोनवर प्रश्न सुरू होतात. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. औषध कोणतं, किती आणि किती दिवस, हे तुमचे सर्जन ठरवतील. त्यांचं सांगणं आणि इथलं उत्तर वेगळं पडलं, तर त्यांचं ऐका.

१. रक्ताची गुठळी म्हणजे नेमकं काय? जखमेतलं रक्त गोठतं, तेच का हे?

जखमेवर रक्त गोठतं ते चांगलंच असतं, त्यानेच रक्तस्राव थांबतो. इथे भीती आहे ती पायाच्या आतल्या, खोलवरच्या शिरेत रक्त गोठण्याची. ही गुठळी बहुतेक वेळा पोटरीत किंवा मांडीत तयार होते. तिथेच राहिली तर पाय सुजतो, दुखतो. तिचा तुकडा सुटला तर तो रक्ताबरोबर हृदयाच्या उजव्या बाजूला जातो आणि तिथून फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत अडकतो. तुकडा मोठा असेल तर काही मिनिटांत जीव जाऊ शकतो. टमी टकनंतरच्या त्रासांत टाके उसवणं, पाणी साचणं, डाग राहणं हे सगळं निस्तरता येतं. गुठळी मात्र आधीच टाळावी लागते.

२. हे तर दिसण्यासाठीचं ऑपरेशन. आतड्याला, काळजाला हात लावत नाहीत. मग एवढा धोका कसा?

हा प्रश्न नवरे मंडळी जास्त विचारतात. सौंदर्यासाठी होणाऱ्या ऑपरेशनांमध्ये गुठळीचा धोका सर्वांत जास्त टमी टकमध्येच असतो.

शिरेत रक्त का गोठतं, हे समजून घ्यायला एकोणिसाव्या शतकातले जर्मन डॉक्टर रुडॉल्फ विरशॉ यांच्या नावाने ओळखली जाणारी तीन कारणं आजही शिकवली जातात: रक्त संथ होणं, शिरेच्या आतल्या अस्तराला इजा होणं आणि रक्ताचा गोठण्याकडे कल वाढणं. टमी टकमध्ये तिन्ही एकत्र येतात. भूल दिलेली असताना पायाचे स्नायू काही तास हलत नाहीत. ऑपरेशनची इजा झाली की शरीर रक्त गोठवण्याची तयारी वाढवतं. आणि या ऑपरेशनची खास गोष्ट म्हणजे, बाळंतपणात फाकलेले पोटाचे उभे स्नायू सर्जन टाके घालून जवळ ओढतात. त्याने पोट सपाट होतं, पण पोटाच्या आतला दाब वाढतो आणि पायांकडून वर येणाऱ्या शिरांवर तो दाब पडतो. वर घट्ट पट्टा असतो. टाक्यांवर ताण येऊ नये म्हणून माणूस कमरेत वाकलेलं असतं. दुखतं म्हणून हालचाल कमी होते. ऑपरेशन दिसण्यासाठीचं असलं, तरी शरीराच्या हिशेबात ते मोठंच ऑपरेशन आहे.

३. हा धोका किती दिवस असतो? दवाखान्यातून सुट्टी झाली म्हणजे संपला ना?

नाही. बऱ्याच गुठळ्या घरी गेल्यावर होतात. पहिले चार आठवडे जपायचे. त्यानंतर धोका हळूहळू उतरत जातो आणि साधारण तीन महिन्यांत पूर्वीसारखा होतो. म्हणून दवाखान्यातल्या दोन दिवसांपेक्षा घरचा पहिला महिना मी महत्त्वाचा मानते.

४. मला धोका जास्त आहे की कमी, हे कसं कळणार?

अमेरिकेतले सर्जन जोसेफ कॅप्रिनी यांच्या नावाची एक गुणपद्धत जगभर वापरतात. ४५ मिनिटांपेक्षा जास्त चालणाऱ्या मोठ्या ऑपरेशनला २ गुण. वय ४१ ते ६० असेल तर १, ६१ ते ७४ असेल तर २. वजन उंचीच्या मानाने जास्त असेल, म्हणजे बीएमआय २५ च्या वर, तर १. पायांच्या शिरा फुगलेल्या असतील, म्हणजे व्हेरिकोज व्हेन्स असतील, तर १. पाय सुजत असतील तर १. गर्भनिरोधक किंवा हार्मोनच्या गोळ्या चालू असतील तर १. स्वतःला आधी गुठळी झाली असेल तर ३, आणि आई-वडील, भाऊ-बहीण अशा रक्ताच्या नात्यात कुणाला झाली असेल तर तेही ३.

चव्वेचाळीस वर्षांच्या, थोडं वजन जास्त असलेल्या, गोळ्या घेणाऱ्या बाईचे इथेच ५ गुण होतात. गुण वाढतील तसा रक्त पातळ करणाऱ्या सुईकडे सर्जनचा कल वाढतो. ७ किंवा त्याहून जास्त असतील, तर सुईचा विचार गांभीर्याने होतो. वजन कमी करणं, गोळ्या थांबवणं अशा गोष्टींनी हे गुण ऑपरेशनच्या आधीच उतरवता येतात. हातात वेळ असलेलं ऑपरेशन आहे, तर ती संधी घ्या.

नात्यातली माहिती मात्र नीट काढा. आपल्याकडे "काका झोपेतच गेले, हार्ट अटॅक आला" एवढंच सांगितलं जातं. बाळंतपणानंतर किंवा ऑपरेशननंतर काही दिवसांत अचानक दम लागून कुणी गेलं असेल, तर ते सर्जनला सांगा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, त्यांच्या लक्षात असतं.

५. महालक्ष्म्यांसाठी पाळी पुढे ढकलायची गोळी घेतली होती. तीही सांगायची का?

हो, सांगायचीच. मेडिकलवरून आणलेली ती गोळी बहुतेक वेळा नोरेथिस्टेरॉनची असते. पाळी पुढे ढकलण्यासाठी लागणाऱ्या मोठ्या डोसमध्ये तिचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनसारख्या हार्मोनमध्ये बदलतो, आणि इस्ट्रोजेनने रक्त गोठण्याचा कल वाढतो. भाद्रपदात घरोघरी या गोळ्या घेतल्या जातात आणि त्यांना कुणी औषध समजत नाही, म्हणूनच फॉर्ममध्ये "कोणतंही औषध चालू नाही" असं लिहिलं जातं.

रोजच्या गर्भनिरोधक गोळ्या, ज्यात इस्ट्रोजेन असतं, त्या ऑपरेशनच्या साधारण चार आठवडे आधी थांबवायला सांगतात. त्या काळात निरोध किंवा तांबी वापरा, नाहीतर दिवस राहायचे. गोळ्या परत सुरू करायच्या त्या पूर्ण हिंडाफिरायला लागून किमान दोन आठवडे झाल्यावर, डॉक्टरांना विचारून. पिशवी काढल्यावर हार्मोनच्या गोळ्या चालू असतील तर त्याही सांगा. पाळीत अंगावरून जास्त जातं म्हणून ट्रानेक्सामिक ॲसिडची गोळी घेत असाल, तर तीही सांगा. ती रक्त गोठायला मदत करणारी गोळी आहे.

एक सोपा उपाय सांगते: ऑपरेशनची तारीखच सणांच्या आसपास धरू नका.

६. सासूबाई म्हणतात, पोट कापलंय, सव्वा महिना बाजेवरून उठायचं नाही. तुम्ही म्हणता त्याच दिवशी चाला. कुणाचं ऐकू?

सगळ्यांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, आणि मला सगळ्यांत जास्त तळमळ याचीच आहे.

सासूबाई मायेने बोलतात. ताट हातात देणं, पाणी उशाशी ठेवणं, लेकराला जवळ येऊ न देणं, ही आपल्याकडची काळजी घ्यायची रीत. बाळंतिणीलाही आपण असंच निजवून ठेवायचो. पण पाय हलला नाही की पोटरीतलं रक्त वर चढत नाही. पोटरीचे स्नायू हातपंपाच्या दांड्यासारखं काम करतात: दांडा हलला तर पाणी वर येतं, थांबला की तळाशीच राहतं. झोपून राहिल्याने टाके लवकर भरतात, हे खरं नाही. झोपून राहिल्याने गुठळी होते, हे खरं आहे.

म्हणून ऑपरेशनच्या संध्याकाळी, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी, कुणाचा तरी हात धरून बाथरूमपर्यंत जायचं. पहिल्यांदा उठताना चक्कर येते, तेव्हा आधी दोन मिनिटं पाय खाली सोडून बसा. घरी आल्यावर जागेपणी दर तासाला-दोन तासाला उठून पाच मिनिटं घरातल्या घरात चाला. ओसरीतून स्वयंपाकघरापर्यंत चार फेऱ्या झाल्या तरी पुरे. पोटातून नळी आणि डबी, म्हणजे ड्रेन, असेल तर ती पट्ट्याला किंवा गाऊनला पिनने अडकवून चाला. ड्रेन आहे म्हणून झोपून राहायचं नसतं.

चालणं म्हणजे काम करणं नव्हे. पाण्याची घागर, लेकरू, गॅसची टाकी, ओलं धुणं यांतलं काही उचलायचं नाही. पोछा नाही, पोळ्यांसाठी खाली बसणं नाही. सासूबाईंना मी फोनवर सांगते की तुमची काळजी चालू ठेवा, फक्त तिची पद्धत बदला. पाणी उशाशी ठेवू नका, चार पावलांवर ठेवा. दर तासाला तुम्हीच तिला हाक मारून उठवा. मनापासून सांगते, हे समजल्यावर सासूबाईंइतकं काटेकोर कुणी पाळत नाही.

दुखतं म्हणून चालवत नसेल, तर दुखणं अंगावर काढू नका. दुखण्याची दिलेली गोळी वेळेवर घ्या आणि ती लागू पडल्यावर चाला. जास्तीची गोळी मनाने घेण्याबद्दल प्रश्न १० पाहा.

७. सरळ उभं राहू नको म्हणतात. मग झोपायचं कसं आणि पाय कसे हलवायचे?

पहिला आठवडाभर, कधी दहा दिवस, कमरेत थोडं वाकूनच चालायचं असतं. वॉकर किंवा काठी घेतली तर पाठ कमी दुखते. झोपताना पाठीमागे लोड-तक्क्ये रचून धड वर उचला आणि गुडघे थोडे दुमडलेले ठेवा. गुडघ्याच्या बरोबर मागे कडक लोड घालू नका, तिथली शीर दबते. मऊ उशी मांडी ते पोटरीपर्यंत पसरून ठेवा.

जागेपणी दर तासाला पायाचे पंजे दहा-पंधरा वेळा आपल्याकडे ओढा आणि पुढे ढकला. त्याबरोबर पाच-सहा लांब श्वास घ्या. पायावर पाय टाकून किंवा मांडी घालून तासन्‌तास बसू नका. संडास देशी पद्धतीचा असेल, तर महिनाभरासाठी कमोडची खुर्ची आणा. ती भाड्यानेही मिळते.

८. पट्टा जितका घट्ट तितकं पोट आत जातं ना?

नाही. पट्टा सूज आटोक्यात ठेवायला आणि कातडी खालच्या थराला चिकटायला असतो. फार आवळला तर पोटातला दाब आणखी वाढतो आणि पायांकडून येणारं रक्त अडतं. पोट भरून श्वास घेता आला पाहिजे, पट्ट्याखाली तळहात सरकवता आला पाहिजे, जेवल्यावर कोंडल्यासारखं होता कामा नये. जांघेत पट्ट्याची कड रुतून वळ उठत असेल, तर माप चुकलं आहे. वर साडीची किंवा परकराची नाडीही आवळून बांधू नका. या महिन्यात गाऊनच बरा.

९. पायात घालायचे मोजे एप्रिल-मेमध्ये सहन होत नाहीत. काढले तर चालतील?

आपल्याकडे पारा ४० च्या वर जातो, तेव्हा ही तक्रार खरीच आहे. सर्जनने मोजे सांगितले असतील, तर दिवसातून एकदा-दोनदा अर्धा तास काढा, पाय पुसा, कातडी बघा आणि परत घाला. सकाळी उठल्या-उठल्या, पाय सुजण्याआधी घातले तर सोपे जातात.

उकडतं म्हणून मोजा वरून गुंडाळून गुडघ्याखाली आणू नका. तिथे त्याचा दोरा आवळल्यासारखा फास बसतो आणि ज्यासाठी मोजा घातला त्याच्या उलट होतं. त्यापेक्षा काढलेला बरा. माप पोटरीचा घेर मोजून घ्या. पायाच्या धमन्या आखडल्या असतील किंवा मधुमेहाने पाय बधिर झाले असतील, तर मोजे विचारल्याशिवाय घालू नका.

वेळ निवडणं हातात असेल, तर ऑपरेशन थंडीत करा. शरीरातलं पाणी कमी झालं की रक्त दाटतं, हे आणखी एक कारण.

१०. पोटाचं ऑपरेशन झालंय, तर रक्त पातळ व्हायची सुई पोटात कशी घ्यायची? आणि गावातल्या डॉक्टरकडून घेतली तर चालेल?

सगळ्यांना ही सुई लागत नाही. लागते त्यांना बहुतेक वेळा इनॉक्सापारिन, दिवसातून एकदा ४० मिलिग्रॅम, असं दिलेलं असतं. मूत्रपिंड कमजोर असेल तर डोस बदलतो. एरवी ही सुई पोटाच्या कातडीखाली देतात, पण टमी टकनंतर तिथली कातडी सोडवलेली आणि बधिर असते. म्हणून ती मांडीच्या बाहेरच्या बाजूला घेतात, एक दिवस उजव्या, एक दिवस डाव्या.

कातडीची चिमूट धरायची, सुई सरळ उभी पूर्ण आत घालायची, हळूहळू औषध सोडायचं, सुई काढल्यावरच चिमूट सोडायची. तयार सिरिंजमधला हवेचा बुडबुडा काढू नका, तो तसाच असायला हवा. नंतर चोळू नका, काळंनिळं होतं. सुट्टीच्या आधी नर्सबाईंसमोर एकदा स्वतः टोचून बघा.

गावातल्या डॉक्टरकडून किंवा सिस्टरकडून घेतली तर चालेल, पण त्यांना दोन गोष्टी आवर्जून सांगा. ही सुई कमरेत, म्हणजे स्नायूत द्यायची नाही. आणि ही सुई चालू असेपर्यंत दुखण्याची, तापाची कोणतीही दुसरी सुई कमरेत द्यायची नाही, कारण स्नायूत रक्त साकळतं. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्याही सर्जनला विचारल्याशिवाय नकोत. गरज पडली तर पॅरासिटामॉल, ठरलेल्या डोसमध्ये.

उन्हाळ्यात सिरिंजा पत्र्याखालच्या कपाटात किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका. खोक्यावर लिहिलेल्या तापमानात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही.

११. ही सुई डुकरापासून बनते असं ऐकलं. खरं आहे का?

खरं आहे. इनॉक्सापारिन डुकराच्या आतड्याच्या अस्तरातून काढलेल्या हेपारिनपासून बनतं. आमच्याकडे मुस्लिम कुटुंबं हे विचारतात, तसे माळकरीही विचारतात. विचारण्यात संकोच करू नका, ऑपरेशनच्या आधीच सर्जनला सांगा. फोंडापारिनक्स हे पूर्णपणे प्रयोगशाळेत बनवलेलं औषध आहे, गोळ्यांचेही काही पर्याय आहेत. ते तुम्हाला चालतील का, हे सर्जन बघतील. घरी जाऊन न सांगता सुई बंद करणं, एवढंच करू नका.

१२. सुईऐवजी ॲस्पिरिन किंवा लसूण-आल्याचा काढा घेतला तर?

नाही. ॲस्पिरिन मुख्यतः धमन्यांमधल्या गुठळ्यांसाठी वापरतात, आणि मनाने घेतली तर जखमेत रक्त साचू शकतं. हृदयासाठी आधीपासून चालू असेल तर मनाने बंदही करू नका, विचारा.

भाजीतला लसूण, चहातलं आलं, हळदीचं दूध हे रोजच्या प्रमाणात चालतं. रोज उपाशीपोटी लसणाच्या पाकळ्या, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, व्हिटॅमिन ईच्या गोळ्या, काढे हे ऑपरेशनच्या आधीच सर्जनला सांगून थांबवा. ते रक्तस्राव वाढवू शकतात आणि गुठळी थांबवण्याची हमी मात्र देत नाहीत.

रिव्हारोक्साबान, ॲपिक्साबान या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या गुडघा किंवा खुबा बदलल्यावर नेहमी देतात. काही सर्जन टमी टकनंतरही देतात. तो निर्णय त्यांचा. "शेजारच्या काकांच्या उरल्यात" म्हणून घेऊ नका.

१३. सुईने आतल्या आत रक्तस्राव झाला तर?

होऊ शकतो, म्हणूनच ती सरसकट देत नाहीत. पोटाच्या एकाच बाजूला अचानक वाढणारी, ताणलेली, दुखणारी सूज, ड्रेनच्या डबीत भराभर जमणारं लालभडक रक्त, चक्कर, काळी संडास किंवा हिरड्यांतून रक्त यांतलं काहीही दिसलं, तर पुढची सुई घेण्याआधी सर्जनला फोन करा. मांडीवर सुईच्या जागी रुपयाएवढं काळंनिळं होणं नेहमीचं आहे.

१४. उपवास, एकादशी, रोजा या काळात चालेल का?

पहिला महिना निर्जळी काहीही नको. हरतालिका असो की रोजा, पाण्याविना दिवस काढणं या काळात धोक्याचं आहे. आजारी माणसाला रोजातून सवलत आहे आणि सुटलेले रोजे नंतर पूर्ण करता येतात, हे मौलानांना विचारून घ्या. फराळ आणि पाणी घेऊन केलेल्या एकादशीला हरकत नाही, फक्त भगर-साबुदाण्यावर दिवस काढू नका. जखम भरायला वरण, दही, अंडी, शेंगदाणे लागतात.

लघवी फिकट पिवळी राहील इतकं पाणी प्या. बाथरूमला जायला नको म्हणून पाणी कमी पिणाऱ्या बायका मला दर महिन्याला भेटतात. बाथरूमला जाणं हाच तुमचा चालण्याचा व्यायाम आहे.

१५. ऑपरेशन पुण्यात केलं, घर लातूरला. रात्रीच्या ट्रॅव्हल्सने आले तर झोपून येता येईल ना?

पहिल्या दोन आठवड्यांत सहा-सात तासांचा सलग प्रवास टाळता आला तर टाळा. नातेवाइकांकडे राहता येत असेल तर राहा. स्लीपरमध्ये झोपणंही तितकंच वाईट, कारण पाय हलत नाहीत आणि मध्येच उतरताही येत नाही.

यावंच लागलं तर स्वतःची किंवा भाड्याची गाडी करा आणि दर तासाला थांबून पाच मिनिटं चाला. समृद्धी महामार्गावर किंवा चौपदरी रस्त्यावर चालक म्हणतो, "एका दमात पोहोचवतो." त्याला आधीच सांगून ठेवा की मला तसं नको. गाडीत पंजे हलवत राहा, पाणी पीत राहा, मोजे सांगितले असतील तर ते पायात असू द्या. आधी जेवढा विचार करता येईल तेवढा करा: ऑपरेशन घराजवळच्या शहरात झालं, तर टाके बघायला जाणंही सोपं आणि रात्री काही झालं तर पोहोचणंही सोपं. विमानाच्या लांब प्रवासाबद्दल सर्जनना वेगळं विचारा.

१६. एक पाय सुजलाय, पोटरी ठणकते. तेल लावून चोळलं तर उतरेल का?

चोळू नका. तेल नाही, शेक नाही, मालिशवाली बाई नाही. गुठळी असेल तर दाबल्याने ती सुटू शकते.

दोन्ही पाय थोडे सुजणं पहिल्या दिवसांत होतं. एकच पाय सुजणं संशयास्पद आहे. गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून १० सेंटीमीटर खाली शिंप्याच्या टेपने दोन्ही पोटऱ्या मोजा. ३ सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. पुस्तकात "पाय लाल होतो" लिहिलेलं असतं, पण सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तळहाताची मागची बाजू दोन्ही पोटऱ्यांना लावून बघा, एक जास्त गरम लागते का.

तपासणी म्हणजे पायाची डॉपलर सोनोग्राफी. सुई टोचायची नाही, दुखत नाही. जिल्ह्याच्या गावी ती होते. आणि हेही लक्षात ठेवा: जवळजवळ निम्म्या गुठळ्या पायात काहीच लक्षण दाखवत नाहीत. पाय ठीक आहे म्हणजे प्रश्न १७ वाचायची गरज नाही, असं नाही.

१७. अचानक दम लागला तर काय करायचं? ॲसिडिटी आहे की घाबरल्यामुळे, हे कसं ओळखू?

घरी ओळखत बसू नका. अचानक दम लागणं, श्वास घेताना छातीत किंवा बरगडीत टोचणं, खोकल्यातून रक्त, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी किंवा भोवळ, यांतलं एक जरी झालं तरी १०८ ला फोन करा. मोटारसायकलवर मध्ये बसवून नेऊ नका. ॲम्ब्युलन्समध्ये ऑक्सिजन असतो. सीटी स्कॅनची सोय असलेल्या मोठ्या दवाखान्यात पोहोचायचं आहे, उदाहरणार्थ संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय, लातूर किंवा नांदेडचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, नाहीतर जवळचं मोठं खासगी रुग्णालय.

तिथे पहिल्या वाक्यात सांगा: "इतक्या दिवसांपूर्वी टमी टक झालंय." हे मी वेगळं सांगते, कारण आपल्याकडे अनेक बायकांनी हे ऑपरेशन लपवलेलं असतं. गावात सांगितलेलं असतं की हर्नियाचं झालं, कधी सासरीही तेच. लोकांना काय सांगायचं तो तुमचा हक्क आहे. पण तुमच्यासोबत धावणाऱ्या एका तरी माणसाला खरं माहीत असायला हवं, आणि डिस्चार्ज कार्डाचा फोटो त्याच्या मोबाइलमध्ये असायला हवा. तुम्हाला बोलता येत नसेल तेव्हा तो बोलेल.

१८. डी-डायमर वाढलाय. म्हणजे गुठळी झालीच का?

डी-डायमर ही रक्ताची तपासणी; गोठलेलं रक्त विरघळताना तयार होणारे तुकडे ती मोजते. कोविडमध्ये ती सगळ्यांच्या तोंडी झाली. ऑपरेशननंतर काही आठवडे डी-डायमर तसाही वाढलेलाच असतो. त्यामुळे या काळात तो वाढलेला आहे एवढ्यावरून काही ठरत नाही. संशय असेल तर डॉपलर किंवा छातीची सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी स्कॅन, करतात.

१९. ऑपरेशनच्या आधी दवाखान्यात काय विचारू?

माझे कॅप्रिनी गुण किती? भूल देण्याआधीपासून पायांना हवेने दाबणारे पंप लावणार का? रात्री अडचण आली तर कुणाला फोन करायचा? ज्या सर्जनला हे प्रश्न आवडत नाहीत, त्याच्याकडे ऑपरेशन करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

२०. एकाच भुलीत हर्निया, पिशवी आणि टमी टक असं तिन्ही उरकलं तर खर्च वाचेल. करावं का?

खर्च वाचतो हे खरं. दिसण्यासाठीच्या ऑपरेशनला आरोग्य विमा सहसा पैसे देत नाही, त्यामुळे हा विचार मनात येणं साहजिक आहे. पण भुलीचा वेळ वाढतो, पोटातला दाब वाढतो, उठून चालणं उशिरा होतं. पिशवी काढणं आणि टमी टक एकत्र केलं की गुठळीचा धोका एकट्या टमी टकपेक्षा वाढतो. कुठे-कुठे हर्निया दुरुस्त करणं टमी टकमध्येच सोयीचं पडतं, तो सर्जनचा निर्णय. गुण आधीच जास्त असतील, तर मी म्हणेन दोन टप्प्यांत करा.

२१. बाळ पाच महिन्यांचं आहे. आता केलं तर चालेल?

थांबा. बाळंतपणानंतर काही आठवडे रक्त गोठण्याचा कल मुळातच जास्त असतो, पोटही अजून आपोआप आत येत असतं. सर्जन साधारण सहा महिने ते वर्षभर थांबायला सांगतात. आणखी मूल हवं असेल, तर ते झाल्यावरच करा.

२२. किनवटकडचे आहोत, घरात सिकलसेल आहे. बहिणीचे दोन-तीन गर्भ गेले. यांचा गुठळीशी काही संबंध आहे का?

दोन्हींचा आहे. सिकलसेल हा आई-वडिलांकडून येणारा रक्ताचा आजार. तो आजार नसून फक्त वाहक असलेल्या माणसालाही फुफ्फुसात गुठळी होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. तपासणीचा कागद असेल तर दाखवा, नसेल तर ऑपरेशनआधी करून घ्या.

पुन्हा-पुन्हा गर्भ जाणं हे कधी-कधी रक्त जास्त गोठण्याच्या आजाराचं लक्षण असतं. तुमच्या स्वतःच्या बाबतीत असं झालं असेल, तर ते सर्जनला सांगा, लाजण्यासारखं त्यात काही नाही. बहिणीचं झालं असेल तर तिला कारण सापडलं होतं का, ते विचारून घ्या. अशा वेळी रक्ताच्या खास तपासण्या आणि रक्तविकारतज्ज्ञांचा सल्ला घेऊनच पुढे जातात, आणि कधी ऑपरेशन न करण्याचाही सल्ला मिळतो.

२३. इतकं करूनही गुठळी झालीच, तर?

सगळं नीट पाळलं तरी धोका शून्य होत नाही, आणि गुठळी झाली म्हणजे तुमचंच काही चुकलं असंही नाही. वेळेत सापडली तर उपचार आहेत. रक्त पातळ करणारं औषध साधारण तीन महिने घ्यावं लागतं, कधी जास्त. या काळात चालणं बंद होत नाही. कधीपासून आणि किती, ते उपचार करणारे डॉक्टर सांगतात. बहुतेकांना उपचार सुरू झाल्यावर लवकरच चालू देतात. पाय काही महिने जड वाटू शकतो. पुढे कधीही ऑपरेशन, बाळंतपण किंवा पायाला प्लास्टर असेल, तर हे पहिल्यांदा सांगायचं, आणि इस्ट्रोजेनच्या गोळ्या परत सुरू करायच्या नाहीत. औषध तीन महिने संपायच्या आधी बरं वाटलं म्हणून सोडू नका. तारीख डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या आणि औषधाच्या डब्यावर चिकटवा.